सुट्टीतली प्रार्थना आणि गरिबांची सेवा: इंदूरच्या मराठी कॅथलिक मुलामुलींचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

नाताळच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या चर्चमधली काही मुलंमुली सकाळी प्रार्थनेला बसतात आणि मग दिवसभर गोरगरिबांमध्ये काम करतात. रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटली की आवारात पालक थांबवून विचारतात, रात्री मुलांचे मेसेज येतात, आणि प्रश्न बहुतेक हेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. काही लांबली आहेत, कारण त्या गोष्टी दोन ओळींत सांगून भागत नाही.

सेवा वर्षभर करता येते. मग सुट्टीच का घालवायची?

सेवेला सलग दिवस लागतात म्हणून. रविवारी तासभर जाऊन फळं वाटून आलं की फळं पोचतात, ओळख मात्र होत नाही. पहिल्या दिवशी वॉर्डातली आजी तुमच्याकडे नुसती बघते. दुसऱ्या दिवशी विचारते, "कहाँ के हो, बेटा?" आणि मग कधीतरी सांगते की मुलगा सुरतेला मजुरीला गेलाय, आई इस्पितळात आहे हे त्याला ठाऊकही नाही. तिला त्या दिवशी केळं नको असतं, मुलाचा फोन लागायला हवा असतो. हे कळायला रोज जावं लागतं, आणि रोज त्याच खाटेपाशी जावं लागतं. रोज नवी वस्ती, नवा वॉर्ड असं आम्ही करत नाही. सगळीकडे थोडं थोडं फिरून येण्यापेक्षा चार माणसांना धरून राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सणांचा क्रमही पाहा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, संत स्तेफनचा सण येतो. पहिला हुतात्मा म्हणून तो आपल्याला माहीत असतो. पण त्याला निवडलं कशासाठी होतं, ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागलं, कुरबुर झाली, आणि पंगतीची व्यवस्था बघायला सात जण नेमले गेले. त्या सातांत स्तेफन होता. परभाषेतल्या विधवांच्या ताटात वेळेवर अन्न पडावं म्हणून नेमलेल्या या माणसाची आठवण चर्च गोठ्यातल्या बाळाच्या लगेच पाठोपाठ करतं. आमचं काम त्याच दिवशी सुरू होतं.

दिवसभर नेमकं काय करायचं असतं?

बरंचसं काम एम. वाय. हॉस्पिटल या इंदूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आसपास असतं. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, सगळीकडचे रोगी तिथे येतात. रोग्याबरोबर आलेल्या माणसाचे हाल कुणाच्या लक्षात येत नाहीत. परची कुठे काढायची, रक्त कुठे द्यायचं, अहवाल कोणत्या खिडकीवर मिळतो, आयुष्मान कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही तर कुणाला भेटायचं, यात त्याचा दिवस जातो. वाचता न येणाऱ्याला तर ती इमारत म्हणजे चक्रव्यूहच. आपली मुलं त्याच्याबरोबर रांगेत उभी राहतात, पाटी वाचून दाखवतात, गोळ्या सकाळच्या कोणत्या आणि रात्रीच्या कोणत्या ते पाकिटावर सूर्य-चंद्र काढून समजावतात. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, हे पुष्कळांना माहीत असतं; अडतं ते कागदावर. हे काम दिसायला किरकोळ आहे. पण त्या माणसासाठी त्या दिवशी त्याहून मोठं काम दुसरं नसतं.

दुसरं काम म्हणजे घरी जाऊन भेटणं. परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिल या भागांत जुन्या गिरणी कामगारांची घरं आहेत. हुकूमचंद मिल बंद पडून तीस वर्षं झाली, तेव्हा कुठे थकलेल्या देण्याचा प्रश्न सुटला. कामगारांसाठी २२४ कोटी रुपये सुपूर्द करण्याचा कार्यक्रम झाला २५ डिसेंबर २०२३ला, ऐन नाताळच्या दिवशी. तोवर कितीतरी जण देवाघरी गेले होते. मागे राहिलेल्या आजीआजोबांना पैशापेक्षा बोलायला माणूस हवं असतं. काही घरं मराठी आहेत, तिथे आपल्या मुलांना चहाबरोबर चार गोष्टीही ऐकायला मिळतात.

मे महिन्यात पाणपोई. पारा चाळिशीच्या वर जातो आणि बसथांब्यावर सावली नसते. माठ धुणं, भरणं, ओघराळं स्वच्छ ठेवणं हे रोजचं काम. तहानलेल्याला पेलाभर गार पाणी देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही, असं प्रभूने मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे, आणि इंदूरच्या उन्हात ते वचन फार जवळचं वाटतं.

प्रार्थना किती वेळ असते?

सकाळी साडेसहाला मिस्सा, मग अर्धा तास पवित्र साक्रामेंतापुढे, म्हणजे ज्यात ख्रिस्त आहे असं आपण मानतो त्या पवित्र भाकरीपुढे, शांत बसायचं. फोन बाहेर. त्या दिवसाचं शुभवर्तमान एकदा मोठ्याने वाचलं जातं, कुणी प्रवचन करत नाही. संध्याकाळी परत आल्यावर जपमाळ, आणि शेवटी संत इग्नेशियसनी शिकवलेलं आत्मपरीक्षण: आज देवाने काय दिलं, मी कुठे तोंड फिरवलं, उद्या काय करीन. शुक्रवारी प्रायश्चित्त संस्कारासाठी फादर बसतात.

मिस्सा हिंदीत असते. जपमाळ आपण मराठीत म्हणतो. काही मुलांना 'नमो मरिये' आजीकडून ऐकून अर्धवट येते, तिथे ती पुरती होते.

आधी प्रार्थना कशाला? तेवढ्या वेळात अजून चार रोग्यांना मदत झाली नसती का?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात आणि तो चांगला आहे. झाली असती, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कुणीतरी उपकार न मानता अंगावर ओरडतं, कुणी दिलेलं पांघरूण विकून दारू पितं, आणि मग मुलांच्या मनात येतं, हे लोक असेच. प्रार्थनेला बसलेला मुलगाही चिडतोच. पण संध्याकाळी तो तो राग प्रभूपुढे मांडतो आणि सकाळी त्याच खाटेपाशी परत जातो. मदर तेरेसांच्या सिस्टर्सचा दिवस पाहा, इतकं काम डोक्यावर असूनही मिस्सा आणि आराधनेला त्या कात्री लावत नाहीत.

उलटही तितकंच खरं आहे. कपड्यावाचून आणि अन्नावाचून असलेल्या भावाला 'सुखाने जा, पोटभर जेव' एवढंच म्हणून पाठवलं तर काय उपयोग, हे याकोबाचं पत्र विचारतं. ज्याला फक्त प्रार्थनेला यायचं आहे आणि वॉर्डात जायचं नाही, त्याला मी नाही म्हणतो. ज्याला फक्त वॉर्डात जायचं आहे, त्याला दुसरे चांगले गट शहरात आहेत.

मुलांनी असं काही केल्याची जुनी उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि ती मुलांना नीट सांगायला हवीत. संतांच्या गोष्टी आपण म्हाताऱ्या दाढीवाल्यांच्याच करून ठेवल्या आहेत.

फ्रेडरिक ओझानाम पॅरिसला कायदा शिकत होता. वादविवाद मंडळात एकाने टोमणा मारला की तुमच्या चर्चने पूर्वी मोठं काम केलं असेल, आज तुम्ही काय करता? ते त्याला लागलं. २३ एप्रिल १८३३ला, म्हणजे बरोबर त्याच्या विसाव्या वाढदिवशी, मोजक्या मित्रांची पहिली बैठक झाली. आज जगभर पसरलेली संत विन्सेंट दे पॉल सोसायटी ती हीच. गरिबांच्या घरी कसं जायचं, कसं बसायचं, हे त्यांना सिस्टर रोझाली रांदूंनी शिकवलं. पोरांना गल्ल्या माहीत नव्हत्या, सिस्टरना घरन् घर माहीत होतं. जोडीने घरी जायची त्यांची रीत आम्हीही पाळतो.

दुसरा पिएर जॉर्जो फ्रासाती. तुरिनच्या मोठ्या वर्तमानपत्राच्या मालकाचा मुलगा, खाणशास्त्राचा विद्यार्थी, डोंगर चढायचा वेडा. गाडीभाड्याचे पैसे गरिबाला देऊन जेवायच्या वेळेला पळत घरी यायचा. १९२५ साली चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. गरीब रोग्यांकडे जातानाच त्याला तो जडला असावा, असं मानतात. मरणाच्या आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने चिठ्ठी लिहिली, एका गरीब रोग्याची इंजेक्शनं पोचवायची राहिली होती म्हणून. अंत्ययात्रेला रस्ते गरिबांनी भरले तेव्हा आपला मुलगा काय करत होता ते घरच्यांना कळलं. ७ सप्टेंबर २०२५ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला आणि पंधराव्या वर्षी वारलेल्या कार्लो आकुतिसला एकाच दिवशी संत म्हणून घोषित केलं.

आणि आपल्याकडचं?

आपल्याकडची तर धन्य राणी मारियाच ('धन्य' म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी). केरळात जन्मलेली ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर १९९२मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आली. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या आदिवासी मजुरांना तिने बचत करायला शिकवली, सरकारी योजनांचे फॉर्म भरायला शिकवले, आपलं आपण बोलायला शिकवलं. ज्यांचं त्यात नुकसान होत होतं त्यांना ती खुपली. २५ फेब्रुवारी १९९५ला उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये तिला भोसकून मारलं. वय एक्केचाळीस. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरमध्येच तिला धन्य घोषित केलं गेलं, आपल्यातले कितीतरी जण त्या दिवशी मैदानावर होते.

मुलांना मी त्यापुढचं सांगतो. तिच्या धाकट्या बहिणीने, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याला क्षमा केली, तो २००६मध्ये सुटला आणि केरळात तिच्या आईवडिलांच्या घरी जाऊन आला. उन्हाळ्याच्या गटाला आम्ही एक दिवस उदयनगरला नेतो. तिथल्या चर्चमध्ये तिची समाधी आहे. तिथे मुलं आपोआप गप्प होतात, कुणाला सांगावं लागत नाही.

लोक म्हणतील, हे धर्मांतर करायला आलेत. तेव्हा काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न टाळायचा नाही. मध्य प्रदेशात धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम २०२१ लागू आहे. आमिष, धाकदपटशा किंवा फसवणूक करून धर्म बदलायला लावणं हा गुन्हा आहे. त्याआधी १९६८पासूनही कायदा होताच. पालकांना भीती वाटते ती मी समजतो.

पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्यावर याहून जुनं आणि कडक बंधन आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणेत बजावलं आहे की सक्तीचा वास येईल किंवा ज्याने प्रतिष्ठेला बाध येईल असं मन वळवणं टाळा, आणि गरीब किंवा अशिक्षित माणसांशी वागताना तर विशेष जपा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५च्या नाताळच्या तारखेने दिलेल्या परिपत्रकात सांगितलं की प्रेम फुकट असतं, ते दुसरं काही साधण्यासाठी केलं जात नाही. म्हणून आमचे नियम असे: कुणाचा धर्म विचारायचा नाही. पत्रकं, पुस्तकं, मेडल वाटायची नाहीत. रोग्याने स्वतः 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं तर 'हो, करू' म्हणायचं, आणि ती चर्चमध्ये येऊन खरोखर करायची. लहान मुलांना देवाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, गणित शिकवायला बसला असाल तर गणितच शिकवायचं.

कुणी गळ्यातला क्रूस पाहून विचारलं तर लपवायचं नाही. 'मी ख्रिस्ती आहे, सुट्टी आहे म्हणून आलो' एवढं पुरे. कुणी वाद घालायला आलं तर वाद न घालता मोठ्यांना बोलवायचं. आणि जिथे जातो तिथली परवानगी लेखी घेतलेली असते, ती कागदं गटप्रमुखाकडे असतात.

माझ्या हिंदू मैत्रिणीला यायचं आहे. चालेल?

चालेल. सकाळच्या प्रार्थनेला तिने बसलंच पाहिजे असं नाही, बाहेर वर्तमानपत्र वाचत थांबली तरी चालतं. अहिल्याबाईंच्या गावात अन्नछत्र आणि पाणपोई ही काही एकट्या आपली कामं नाहीत.

सिग्नलवरच्या मुलांना पैसे द्यायचे का?

नाही. १ जानेवारी २०२५पासून इंदूरमध्ये भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश प्रशासनाने काढला. त्यावर मतं वेगवेगळी असू शकतात. माझं विचाराल तर भुकेल्याला घास देणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. पण मुलांना घेऊन काम करताना कायदा मोडायचा नाही, हे ठरलेलं आहे. आणि सिग्नलवर काच खाली करून दहाची नोट दिली की ओळख संपते, आपल्याला तर ओळखच हवी आहे. मूल एकटं, जखमी किंवा घाबरलेलं दिसलं तर १०९८ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि कुणी येईपर्यंत तिथे थांबा.

मुलगी सतरा वर्षांची आहे. पाठवावी का?

अठराखालच्यांना आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय घेत नाही. कुणीही एकटं जात नाही. कुणीही मोठं माणूस लहान मुलाबरोबर बंद खोलीत बसत नाही, मग ते फादर असोत, सिस्टर असोत की मी. सहाच्या आत मुली चर्चच्या आवारात परत आलेल्या असतात, जपमाळेनंतर घरच्यांनी न्यायला यायचं. काही खटकलं तर मुलीने कुणाची भीड न धरता लगेच सांगायचं, आणि पोक्सो कायद्यानुसार पोलिसांपर्यंत जायची वेळ आली तर आम्ही जातो, 'चर्चचं नाव' वगैरे आड येऊ देत नाही.

आजार लागेल का?

फ्रासातीचं नाव घेतलं की आया हेच विचारतात. क्षयाच्या वॉर्डात मुलांना पाठवत नाही. मास्क आणि साबण सक्तीचा. सर्दी-ताप असेल त्याने घरी राहायचं, कारण वॉर्डातल्या माणसाला तुमचा सर्दी-खोकला जड जातो. कुष्ठरोगाची भीती मात्र सोडा: बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड द्यायची शक्ती जन्मतः असते, आणि उपचार सुरू झालेल्या माणसापासून तो पसरत नाही. त्या आजोबांचा हात हातात घ्या. कित्येक वर्षांत कुणी घेतलेला नसतो.

रक्तदान करता येईल का?

अठरा पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असेल तर हो. मुलांनी ९० दिवसांनी, मुलींनी १२० दिवसांनी पुन्हा. झाबुआ-अलीराजपूरकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रोगी आहेत, त्यांना वरचेवर रक्त लागतं. उपाशीपोटी देऊ नका.

परीक्षा आहे, भंवरकुआँला कोचिंग आहे. कसं जमवायचं?

कोचिंग बुडवू नका. दुपारी तीननंतर या, पण आलात तर रोज त्याच वेळेला या. रोज दोन तास येणारा मुलगा एखाद्या दिवशी दहा तास येणाऱ्यापेक्षा मला हवासा वाटतो. बारावीचं वर्ष असेल तर आईवडिलांचं ऐका.

आम्ही घरून काय देऊ शकतो?

डिसेंबरात नवी ब्लँकेट, लोकरी टोप्या आणि चपला, मापाच्या. विटलेले, बटणं तुटलेले कपडे कृपा करून पाठवू नका. जे आपल्या मुलाच्या अंगावर घालणार नाही ते दुसऱ्याच्या अंगावर घालायचं नाही. फराळ द्यायचा तर नाताळच्या आधी द्या. ३ जानेवारीला उरलेल्या करंज्या पाठवण्यात काही अर्थ नाही.

नाताळात एक पंगत असते. रोममधल्या तरुणांच्या संत एजिदियो समुदायाने १९८२च्या नाताळात सांता मारिया इन त्रास्तेवेरे या चर्चमध्येच गरिबांसाठी जेवणाचं टेबल मांडलं, आणि ती प्रथा आता जगभर गेली आहे. आपण चर्चच्या हॉलमध्ये पंगत बसवतो. स्टीलची ताटं, कारण एकदा वापरून फेकायचं काही आणायचं नाही, आणि पाहुण्यांबरोबर आपणही त्याच ओळीत जेवायला बसायचं. वाढायला आळीपाळीने उठायचं. पाहुण्यांना नावाने बोलवायचं, म्हणून नावं आधीच पाठ करावी लागतात. आत्याबाई-मावश्यांनी वाढताना 'घ्या हो अजून' असा आग्रह करायचा, जसा घरी करता तसाच.

फोटो टाकू का स्टेटसला?

नाही. रोग्याचा नाही, आजीचा नाही, मुलांचा तर मुळीच नाही. पंगतीचाही नाही. देणाऱ्या हाताचा फोटो काढताना घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, ती मी पाहिली आहे.

आमच्या भेटीतलं कुणी वारलं तर मुलांनी काय करायचं?

असं होतं, आणि मुलांना ते आधी सांगून ठेवतो. कालपर्यंत बोलणारे बाबा सकाळी खाटेवर नसतात, तिथे नवी चादर असते. मुलं हादरतात. त्या दिवशी त्यांना कामाला जुंपत नाही. चर्चमध्ये बसतो, नाव घेऊन प्रार्थना करतो, ज्याला रडायचं त्याने रडावं. मग शक्य असेल तर घरच्यांना भेटायला जातो, शववाहिकेची सोय, दाखल्याचा कागद यात हात लावतो. मृताला मूठमाती देणं हे दयेच्या सात कामांतलं सातवं, ते बायबलमधल्या तोबितच्या पुस्तकातून आलं. त्यांचे विधी त्यांच्या धर्माप्रमाणे होतात, आपण बाजूला हात जोडून उभं राहतो. आईवडिलांना विनंती: त्या रात्री मुलाला 'कशाला गेलास तिथे' असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा.

सुट्टी संपल्यावर काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि मला वाटतं की पहिला हाच विचारायला हवा. सुट्टीभर रोज येणारं पोर ५ जानेवारीपासून दिसेनासं झालं की त्या आजीला वाटतं, आपलं काही चुकलं. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येकाने स्वतः जाऊन सांगायचं की मी आता कॉलेजला जातोय, पुढे कधी येईन, आणि मी नाही तेव्हा कोण येईल. जो येणार असेल त्याला बरोबर नेऊन ओळख करून द्यायची. 'परत येईन' असं तोंडदेखलं म्हणायचं नाही, यायचं असेल तरच म्हणायचं. शहराबाहेर शिकणाऱ्यांनी फोन करावा, म्हातारी माणसं फोनची वाट पाहतात. इथेच असणाऱ्यांनी महिन्यातला एक शनिवार बांधून घ्यावा. नोव्हेंबरात गरिबांचा जागतिक दिन येतो, पोप फ्रान्सिस यांनी तो २०१७पासून सुरू केला. त्या रविवारी सगळे जुने-नवे एकत्र भेटतात आणि पुढच्या नाताळची वाटणी तिथेच होते.

नाव कुठे नोंदवायचं?

मिस्सेनंतर चर्चच्या ऑफिसात, आईवडिलांना घेऊन या. येताना आधारची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि रक्तगट लिहिलेला कागद आणा. पहिल्या दिवशी पाण्याची बाटली, मळखाऊ रंगाचे कपडे, बंद चपला किंवा बूट, आणि जपमाळ. नसेल तर आमच्याकडे मिळेल.